रूळ आणि रुळणे

‘रूळ’ आणि ‘रुळणे’ हे मराठीतील दोन शब्द एकमेकांचे सोयरे आहेत की केवळ नादाने शेजारी येऊन बसले आहेत, याचा निवाडा व्युत्पत्तिकारांनी करावा. कानाला मात्र ते एकाच घरचे वाटतात. नवी सून सासरी रुळते, बदलून आलेला मास्तर नव्या गावात रुळतो, रोज पायाखालून जाणारी वाट रुळलेली असते. आणि विस्कटलेला संसार मार्गी लागला की आपण तो रुळावर आला असे म्हणतो. स्वीडिश भाषेत ट्रामला ‘स्पोरव्हाग्न’ म्हणतात. त्यातील ‘स्पोर’ म्हणजे रूळ. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ माग, खूण, उमटलेला ठसा असा आहे. मागावरून चालणारी गाडी! २०१९ च्या मे-जून महिन्यांत पाच आठवडे आम्ही या मागावरून गोथेनबर्ग शहरात हिंडलो. त्या हिंडण्याविषयी, आणि त्याहून अधिक आमच्याबरोबर हिंडलेल्या एका बाईविषयी, हे लिहीत आहोत.

‘आम्ही’ म्हणजे दोघे पती-पत्नी. ढोकीत राहतो आणि आसपासच्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. घरातला धाकटा गोथेनबर्गला मोटारींच्या उद्योगात अभियंता आहे. त्याच्या घरी बाळ झाले म्हणून आजी निघाली, आणि एवढ्या लांब ती एकटी कशी जाणार म्हणून आम्ही निघालो. ती आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीची सासू. पण आम्ही दोघेही तिला आईच म्हणतो आणि एकेरीतच बोलतो. तेव्हा तिचे वय एकाहत्तर. शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी आकडे तिला येत, तेही मोबाइलवर लेकांचे नंबर दाबून दाबून आलेले.

मराठीतील परदेशाची प्रवासवर्णने आम्ही वर्षानुवर्षे वाचत आणि शिकवत आलो आहोत. त्यांत देवळे-राजवाडे, संग्रहालये, पुतळे, हवा आणि खाणे यांची रेलचेल असते; एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी लेखक पोचला कसा, हे बहुधा एका वाक्यात उरकते. गोथेनबर्गमध्ये आम्हाला नेमके हे मधले वाक्यच वाचायला मिळाले. शहर तसे डोळे दिपवणारे नाही. १६२१ साली राजा गुस्ताव अडॉल्फ दुसरा याने वसवलेले, डच धर्तीचे कालवे असलेले, योता नदीच्या मुखाशी पसरलेले बंदर. लोकवस्ती सहा लाखांच्या आसपास. व्होल्वोची पहिली मोटार १९२७ साली इथेच तयार झाली. मोटारींचे माहेर म्हणावे अशा या गावात उत्तर युरोपातील स्कँडिनेव्हियन देशांमधले सर्वांत मोठे ट्रामचे जाळे आहे, आणि मोटारी बनवणारा आमचा धाकटा रोज ट्रामने कामावर जातो, याचे नवल तिथे कुणालाच वाटत नव्हते.

व्यवस्था साधी आहे. तिकीट गाडीचे नसते, वेळेचे असते. आमचे तिकीट नव्वद मिनिटांचे होते. तेवढ्या वेळात शहरात कितीही वेळा चढा-उतरा. ट्राम, बस आणि नदीतली होडीसुद्धा त्याच तिकिटात. वाहक नाही. तपासनीस केव्हातरी अवचित येतो. दाराजवळचे बटण दाबले की दार उघडते. प्रत्येक थांब्यावर एक फलक असतो आणि त्यावर कितव्या क्रमांकाची गाडी किती मिनिटांनी येणार हे लिहिलेले असते. ‘गाडी कधी येईल?’ या प्रश्नाला ‘येईल की’ हे उत्तर ऐकत मोठे झालेल्या आम्हाला तो फलक पहिले दोन दिवस वाचतच बसावेसे वाटे. तीन मिनिटे लिहिलेले असताना गाडी तिसऱ्या मिनिटाला आली की आई आमच्याकडे अशा नजरेने पाही, जणू ती आम्हीच वेळेवर आणली.

आमचा मुक्काम मारियाप्लानजवळ होता. तिथून तीन क्रमांकाची ट्राम यॅर्नतोर्येत नावाच्या चौकातून पुढे ब्रुन्सपार्केन या मध्यवर्ती थांब्याकडे जाते. प्रत्येक मार्गाला क्रमांकाबरोबर एक रंगही आहे. तीनचा निळा, पाचचा तांबडा, अकराचा काळा. नकाशावर त्या त्या रंगाची रेघ आणि गाडीच्या कपाळावर त्या त्या रंगाची पाटी. लिपी न येणाऱ्या माणसाला शहर वाचता यावे म्हणून कुणी ही योजना केली असेल असे नाही, पण आईला ते शहर वाचता आले ते या रंगांमुळेच. ‘निळी तीन’ ही आपली गाडी, ‘काळी अकरा’ समुद्राची गाडी, असे तिने तिसऱ्या दिवशी ठरवून टाकले. थांब्यांची नावे तिच्या जिभेला पेलणारी नव्हती; तिने स्वतःची ठेवली. यॅर्नतोर्येतचा अर्थ लोखंडाचा चौक. निर्यातीचे लोखंड पूर्वी तिथे तोलले जाई. चौकात तोरे स्ट्रिंडबर्ग या शिल्पकाराचे १९२७ सालचे कारंजे आहे. पाच खंडांच्या प्रतीकरूप पाच स्त्रिया त्यात आहेत. आईने त्या थांब्याचे नाव ‘पाच बायांचा थांबा’ असे ठेवले. गाडीत पुढच्या थांब्याचे नाव पुकारले जाते. वारीत आणि भजनात तयार झालेल्या तिच्या कानाने ते स्वीडिश शब्द अभंगाच्या धृपदासारखे धरून ठेवले. अर्थ कळत नव्हता, पण कोणत्या आवाजानंतर उठायचे ते कळत होते.

आणखी एक गोष्ट तिने आमच्याआधी हेरली. काही गाड्या जुन्या होत्या, १९७० च्या सुमाराच्या. त्यांना आत चढायला पायऱ्या. काही गाड्यांचा मधला भाग किंवा सगळीच गाडी फलाटाच्या पातळीवर; पाऊल उचलले की आत. आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. पायऱ्यांची गाडी आली की ती मागे सरे आणि म्हणे, “जाऊ दे हिला. मागनं येती दुसरी.” दुसरी गाडी मागून नक्की येणार आहे, हा भरवसा असलेला माणूस पहिली गाडी सोडून देऊ शकतो. घाईची सुटका त्या भरवशातून होते. आमच्याकडे दारात आलेली गाडी कुणी सोडत नाही. उभे राहून, लोंबकळून, कुणाच्या मांडीवर पोर टाकून ती पकडावीच लागते.

त्या सपाट दारांतून चाके लावलेल्या आधारगाड्या ढकलत म्हाताऱ्या बाया एकट्या चढत-उतरत. ही आधारगाडी म्हणजे रोलेटर. पोलिओने अधू झालेल्या आयना विफाल्क या स्वीडिश बाईंनी १९७८ साली ती तयार केली. आई त्या बायांकडे टक लावून पाही. त्यांची वये ऐंशीच्या पुढची असतील. कुणी बरोबर नाही, कुणी सोडायला आलेले नाही, कुणाचा हात धरलेला नाही. “ह्यांचं कुनी न्हाई का?” तिने सुरुवातीला विचारले. असेल, आम्ही म्हणालो. त्यावर ती गप्प राहिली. पुढे आठवडाभराने तिचा प्रश्न बदलला : “ह्यांना कुनाला इचारावं लागत न्हाई का?”

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिने जाहीर केले, “आज मी एकलीच जाते.” कुठे? पाच बायांपाशी. घरात एकच गलका झाला. धाकटा म्हणाला, हरवलीस तर? सून म्हणाली, मी येते. आमचेही मन धजत नव्हते. पण ती लुगडे सारखे करून, वर स्वेटर आणि पायात बूट घालून तयारच होती. धाकट्याने तिच्या गळ्यात मोबाइल अडकवला, पत्त्याची चिठ्ठी दिली आणि तिकिटाची सोय केली. निळी तीन आली, दार उघडले, आई आत गेली. खिडकीतून तिने आमच्याकडे पाहिलेदेखील नाही. परत आली ती दीड तासाच्या आत, तिकिटाची वेळ संपण्याआधी. हातात काही नव्हते. काय केलेस, म्हणून विचारले. “बसले. पानी बघितलं. मग आले.” मग काम काय होते? या प्रश्नाचे तिला खरोखरच आश्चर्य वाटलेले दिसले. “काम कशाला पायजे? जाता येतं म्हनून गेले.”

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. कधी काळ्या अकराने साल्टहोल्मेनला समुद्रापर्यंत; तिथून मोटारी नसलेल्या बेटांकडे होड्या जातात. आम्ही बरोबर असू तेव्हा मागच्या बाकावर. हीच अकरा उलट्या दिशेने गेली तर बेर्यशॉनला पोचते, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या आणि आता प्रामुख्याने स्थलांतरितांच्या झालेल्या वस्तीत. एका टोकाला समुद्रकाठचे सुखवस्तू बंगले, दुसऱ्या टोकाला दूरदेशांहून आलेल्यांची घरे. ट्रामने ही दरी बुजवली आहे असे कुणी म्हणणार नाही. तिथले लोकही म्हणत नाहीत. पण दोन्ही टोकांची माणसे एकाच गाडीत बसतात, आणि कुणालाही आपल्या टोकाला राहण्यासाठी स्वतःचे वाहन असावेच लागत नाही.

हे सारे पाहताना मुंबईची आठवण येणे अपरिहार्य होते. कारण हा मान आधी आपल्याकडे होता. मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ रोजी; गोथेनबर्गमध्ये १८७९ साली, म्हणजे आपल्यानंतर पाच वर्षांनी. विजेच्या ट्रामबाबत गोथेनबर्ग १९०२ ला पुढे गेले, मुंबई १९०७ ला. १९२० पासून तर मुंबईत दुमजली ट्राम धावू लागल्या. मग वाढत्या मोटारींना ट्रामचा अडथळा होऊ लागला, आणि अडथळा कुणाचा कुणाला होतो हे ठरवण्याचा अधिकार मोटारींकडे गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. रूळ काही उखडले, काही डांबराखाली गाडले. २०१७ साली फ्लोरा फाउंटनच्या परिसरातील कामात त्यांतले काही पुन्हा उघडे पडले. स्वीडिश ‘स्पोर’चे दोन्ही अर्थ, रूळ आणि माग, त्या खड्ड्यात एकत्र पाहायला मिळाले म्हणायचे.

स्वीडनमध्येही हेच घडत होते. ३ सप्टेंबर १९६७ रोजी त्या देशाने डावीकडून चालणारी वाहतूक एका पहाटेत उजवीकडे नेली. ट्रामची दारे डावीकडे. ती बदलायची तर खर्च मोठा. स्टॉकहोमने शहरातल्या ट्राम त्याच वेळी बंद केल्या, माल्मोने १९७३ मध्ये. गोथेनबर्गने आणि नॉरशॉपिंग या छोट्या शहराने त्या ठेवल्या. आज ज्याला आपण त्या शहराचा स्वभाव म्हणतो, तो त्या काळी घेतलेला एक खर्चिक निर्णय होता. आणि एकदा मोडलेले पुन्हा जोडता येत नाही असेही नाही. लुंड या विद्यापीठाच्या गावी ट्राम नव्हती. २०२० च्या डिसेंबरमध्ये तिथे ती नव्याने सुरू झाली. आपल्याकडे मात्र कोलकात्यात १८७३ मध्ये पहिल्यांदा धावलेली ट्राम एक वारसामार्ग वगळता बंद करण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर झाला.

गोथेनबर्गच्या ट्रामचे आम्ही स्तोत्र गात नाही. १२ मार्च १९९२ रोजी वीज गेल्याने चढावर अडकलेली एक ट्राम हलवताना सुटली आणि उतारावरून वासाप्लात्सेनच्या थांब्यावर येऊन आदळली; तेरा माणसे गेली. त्या थांब्यावरून जाताना धाकट्याने हे सांगितले, तेव्हा आई हात जोडून बसली. रूळ म्हणजे निर्धोकपणा नव्हे. पण त्या शहराने अपघातानंतर ट्राम टाकून दिली नाही.

आता ढोकीकडे वळू. आमच्या गावाला ट्राम कधी नव्हती आणि ती असावी असा हट्टही नाही. पण तिची एक दूरची बहीण आमच्या गावावरून शंभर वर्षे गेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभारली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी. १९०६ ला पंढरपूर. १९११ ला आमच्या ढोकीवरून लातूर. १९२७ ला मिरज. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. कॅलथ्रॉपचे तत्त्व असे की प्रत्येक आसावरचा भार पाच टनांपलीकडे जाऊ द्यायचा नाही; मग रूळ हलके, पूल हलके, खर्च हलका, आणि जिथे मोठी रेल्वे परवडत नाही अशा विरळ वस्तीलाही गाडी मिळते. नावातला ‘लाइट’ हा शब्द शोभेचा नव्हता. थोडक्या माणसांसाठीही गाडी असावी, हा त्याच्यामागचा हिशेब होता. १९५४ साली ही रेल्वे सरकारने घेतली.

आईचे माहेर बार्शीचे. लग्न होऊन ढोकीत आल्यापासून ती या छोट्या गाडीने माहेरी जाई, पोरांना घेऊन, एकटी. गाडी इतकी सावकाश की थट्टेचा विषय झालेली. चढावर उतरून लघवीला जाऊन पुन्हा चढता येते, असे लोक सांगत. आषाढीला ती वारकऱ्यांनी लगडून पंढरपूरकडे जाई. ‘जायचं का?’ असे आईने घरात विचारल्याचे आम्हाला आठवत नाही. ती ‘जाऊन येते’ म्हणायची. २००७ मध्ये लातूर-उस्मानाबाद आणि २००८ मध्ये पुढे कुर्डुवाडीपर्यंत रुंद रूळ आले. जुन्या मार्गाने वगळलेले जिल्ह्याचे गाव, आताचे धाराशिव, प्रथमच रेल्वेवर आले. मुंबई-पुण्याला थेट जाता येऊ लागले. धाकटा त्याच गाडीने शिकायला गेला आणि पुढे स्वीडनला पोचला. रुंद रुळांचे उपकार आमच्या घरावर आहेत आणि अरुंद रुळांसाठी उसासे टाकण्याचा आमचा हेतू नाही. पण लांबचे जवळ येत असताना जवळचे लांब गेले, हेही तितकेच खरे. वीस-पंचवीस किलोमीटरचे जाणे-येणे मोटारसायकलीवर आणि टमटमवर आले. ज्याला वाहन चालवता येते तो कुठेही जातो; ज्याला येत नाही तो कुणाला तरी ‘सोडतोस का?’ म्हणून विचारतो. आणि आमच्या घरांत वाहन चालवता न येणारी माणसे कोण, हे सांगायला नको : म्हातारी माणसे, बाया आणि पोरी.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्यात २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. दोन्ही निर्णय मोलाचे, आमच्या गावातल्या कितीतरी बाया त्यामुळे घराबाहेर पडल्या. पण आईला पैशाची अडचण कधी नव्हती. तिची अडचण घरापासून स्टँडपर्यंतच्या अंतराची, गुडघ्यांची आणि पायरीची आहे. तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला जायचे म्हटले तरी ती आमच्या सुट्टीची वाट पाहते. आम्ही आनंदाने नेतो. कुरकुर कधी केलेली नाही. तरी निघण्याच्या आदल्या रात्री ती दोनदा विचारते, “तुमचं काही काम खोळंबत न्हाई ना?” गोथेनबर्गमध्ये हा प्रश्न तिने शेवटचे तीन आठवडे विचारला नव्हता. धाकट्याचा फोन आला की बाळाची चौकशी आधी, आणि मग हमखास : “निळी तीन जाती का अजून?” जाते, तो सांगतो. नदीवरचा ट्रामचा जुना पूल जाऊन २०२१ मध्ये नवा झाला, नवीन सपाट गाड्या आल्या, हेही सांगतो. “बरं झालं,” ती म्हणते. स्वतःविषयी काही म्हणत नाही.

आमच्या महाविद्यालयांत दुपारी साडेतीननंतरच्या तासाला मुलींचे बाक रिकामे होऊ लागतात. त्या उठून जातात असे नव्हे. आधी घड्याळाकडे पाहतात, मग एकमेकींकडे, मग वही मिटतात. खेड्याकडे जाणारी गाडी चुकली तर पुढची कधी, हे सांगणारा फलक तिथे नाही, आणि अंधार पडल्यावर घरी पोचणाऱ्या मुलीचे कॉलेज किती दिवस चालू राहील हे आम्हाला अनुभवाने ठाऊक आहे. संतकाव्याचा तास तीन वर्षांपूर्वी वेळापत्रकात शेवटी होता. जनाबाई आणि मुक्ताबाई शिकवताना समोर निम्म्याहून अधिक मुलगेच असत. आम्ही प्राचार्यांना भेटून तो सकाळी साडेदहाचा करून घेतला आहे. आता बाक भरलेले असतात.